पल्याडचा किनारा

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात व्याख्यानाच्या संध्याकाळी केलेले भाषण. काही सभासदांच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)



मी काही वक्ता नाही. माझे आयुष्य रुळांच्या मधून चालण्यात गेले. दर वर्षी उत्सवात मंडपाचे खांब सरळ उभे आहेत की नाहीत हे पाहण्याचे काम माझ्याकडे असते आणि तेच मला जमते. यंदा मात्र सेक्रेटरीसाहेबांनी धरलेच, "तुम्ही दोघे परदेशात समुद्राकाठच्या खेड्यांतून हिंडून आलात, त्यावर बोला." मी म्हटले, "अहो, परदेश म्हणजे श्रीलंका. त्रिचीहून विमानात बसलो तर दिलेला चहा पिऊन होईपर्यंत उतरायची वेळ होते." ते म्हणाले, "पासपोर्टवर शिक्का बसतो ना? मग परदेशच." तेव्हा आता तासभर मला सहन करा.

आधी हे सांगतो की आम्ही मोठ्या शहरांऐवजी खेड्यांतच का गेलो. मी कराडचा. आमच्याकडे पाणी म्हणजे कृष्णा-कोयना. सौ. मात्र गुहागरची. लग्न झाले २००४ साली आणि मी तिला घेऊन आलो त्रिचीला. इथे कावेरी आहे, पण समुद्र नाही. ती कधी तक्रार करत नाही. पण सुरुवातीच्या वर्षांत रात्री मालगाडी लांबून येताना आवाज झाला की ती म्हणायची, "अहो, भरतीचा आवाज असाच येतो." हे वाक्य मी पंधरा वर्षे ऐकले. शेवटी ठरवले, की हिला समुद्र दाखवायचा, आणि तोही खुर्च्या-छत्र्यांचा नको, गुहागरसारखा हवा. जिथे जाळी वाळत असतील आणि कोणी आपल्याकडे बघणार नाही असा.

सुरुवात अर्थात धनुष्कोडीपासून झाली. आपल्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले आहे. पण नव्या पिढीला हे माहीत नसेल की १९१४ साली पांबनचा पूल झाल्यावर मद्रासहून कोलंबोला जाता येत असे. गाडी धनुष्कोडीपर्यंत, तिथून आगबोटीने तलैमन्नार आणि पुढे परत गाडी. ही बोट मेल. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आले. पांबनहून मध्यरात्रीच्या सुमारास सुटलेली पॅसेंजर धनुष्कोडी स्टेशन हाकेवर असताना लाटेखाली गेली. गाडीत शंभराहून अधिक माणसे होती. एकही वाचला नाही. पांबनच्या पुलाचे बहुतेक गाळे वाहून गेले. त्या वेळी ई. श्रीधरन नावाच्या तरुण इंजिनिअरने ४६ दिवसांत तो पूल पुन्हा उभा केला. पुढे कोकण रेल्वे आणि दिल्ली मेट्रो करणारे तेच श्रीधरन. तो जुना पूल २०२२ च्या डिसेंबरात गाड्यांसाठी बंद झाला आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या नव्या पुलाचे उद्घाटन झाले. धनुष्कोडीला मात्र गाडी परत गेली नाही. तिथे वाळूत उभ्या असलेल्या स्टेशनच्या भिंतीपाशी आम्ही दोघे बसलो होतो. सौ. म्हणाली, "पलीकडे काय आहे?" मी म्हटले, "लंका." ती म्हणाली, "मग जाऊ या की. मारुती तर उडी मारून गेला."

आम्ही पहिल्यांदा गेलो २०१९ च्या जानेवारीत. मुलगी आजी-आजोबांकडे कराडला ठेवली. ऑफिसातून परवानगीचा कागद काढण्यात जितके दिवस गेले, तितके दिवस तिथे राहायलाही मिळाले नाहीत, पण ते असो. कोलंबो फोर्ट स्टेशनात मी आयुष्यात प्रथमच तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो. आपला पास समुद्रापलीकडे चालत नाही! सौ. ला या गोष्टीचा फार आनंद झाला. "आता कळलं लोकांना कसं वाटतं ते," म्हणाली.

फलाटावर उतरून मी आधी काय केले असेल? गेज बघितला. तुम्ही हसा, पण मला बरे वाटले. आपलाच, पाच फूट सहा इंच. तिथली रेल्वे १८६० च्या दशकातली. किनाऱ्याची लाइन १८९४ मध्ये गॉलला आणि १८९५ मध्ये मातरला पोहोचली. युद्ध आणि त्सुनामीनंतर, २०१० पासूनच्या दोन-तीन वर्षांत आपल्या इरकॉनने काळुतर ते मातर ही लाइन नव्याने घातली. स्लीपरवर पाय ठेवला तेव्हा ओळखीच्या घरात आल्यासारखे वाटले.

या गाडीत जायचे तर कोलंबोहून निघताना उजव्या हाताला बसावे. शहर संपायच्या आत रूळ समुद्राला येऊन मिळतात. एका बाजूला घरांची स्वयंपाकघरे आणि दुसऱ्या बाजूला लाटा. भरतीला तुषार खिडकीतून आत येतात. माझ्या डोक्यात एकच विचार, इथे रुळांना गंज किती लागत असेल आणि फिशप्लेट किती दिवसांनी बदलत असतील! सौ. मात्र खिडकीला टेकून बसली होती. दोन तास बोलली नाही.

स्टेशनांच्या पाट्या सिंहली, तमिळ आणि इंग्रजी अशा तीन लिपींत. इतकी वर्षे भाजीवाल्या अम्मांशी घासाघीस करून शिकलेले तमिळ तिथे हिच्या कामी आले. गुहागरची मुलगी परमुलखात तमिळ पाटी वाचून कराडच्या नवऱ्याला स्टेशनचे नाव सांगते आहे, हे दृश्य आपल्या मंडळाच्या कोणत्याही घरात शोभेल असे होते. आणि सिंहली? ती तर आपलीच लांबची बहीण निघाली. गावाला 'गम', भाताला 'बत', समुद्राला 'मुहुद'. आकडे बघा: एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट. आगगाडीला 'दुम्रिय' म्हणतात, त्यातला 'दुम' म्हणजे आपला धूर. मोठ्या बहिणीला 'अक्का'. हिला दुकानदार 'अक्का' म्हणाला तेव्हा ही एकदम गुहागरातच जाऊन पोचली.

आणि आज उत्सवात बोलतो आहे म्हणून सांगतो, आपले बाप्पाही तिथे आहेत. तमिळ लोकांचा पिळ्ळैयार तर आहेच, पण सिंहली बौद्धही त्याला 'गण देवियो' म्हणून मानतात. प्रवासाला निघताना, कामाला सुरुवात करताना त्याच्यापुढे नारळ फोडतात. दक्षिणेकडच्या रस्त्यावर काळुतरला बोधिवृक्षापाशी बस थांबवून ड्रायव्हर पेटीत नाणे टाकतो आणि मगच पुढे जातो. आपला घाटातला ड्रायव्हर आठवला.

पहिला मुक्काम होता अहंगमला. गॉलच्या पुढे हे छोटे गाव. गॉलला एक गंमत होते, स्टेशन शेवटचे असल्यासारखे आहे, त्यामुळे मातरची गाडी तिथून उलट्या तोंडाने निघते. इतका वेळ आपण पुढे बघत आलेलो असतो, तिथून पाठमोरे जायला लागतो. अहंगम, कोग्गल, वेलिगम या पट्ट्यात समुद्रात काठ्या रोवून त्यावर बसून गळ टाकणारे कोळी असतात. त्यांचे फोटो आपण कॅलेंडरवर पाहिलेले असतात. ही पद्धत फार पुरातन असेल असे मला वाटले होते. पण ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, अन्नटंचाईत सुरू झाली असे सांगतात. आता बरेचसे काठीवर बसतात ते फोटोवाल्यांसाठी, आणि मग पैसे मागतात. मला जरा वाईट वाटले. सौ. म्हणाली, "मासे मिळत नसतील तर त्याने काय खावं? तुम्ही फोटो काढलात ना, मग द्या पैसे." दिले.

तिथून पुढे दिकवेल्लजवळ कुडावेल्ल नावाचे कोळ्यांचे गाव आहे. खडकात एक भोक आहे. लाट खाली शिरली की आधी 'हू' असा आवाज येतो आणि मग पाण्याचा खांब उंच उडतो. त्याला 'हुम्मानय' म्हणतात. तिकीट काढून बघायला लोक येतात. आमचा तिथे वेळ गेला तो मात्र बंदराच्या वाटेवर. सुकट वाळत घातलेली, मांजरे राखण करताहेत की चोरी ते कळत नाही, बायका टोपल्यांपाशी भांडताहेत. सौ. तिथे अर्धा तास नुसती उभी राहिली. नाकाला पदर लावायच्या जागी ती खोल श्वास घेत होती!

एका पहाटे वेलिगमच्या वाळूवर आम्ही रापण पाहिली. तिथे तिला 'मा-देल' म्हणतात, म्हणजे मोठे जाळे. होडी अर्धवर्तुळ घेऊन जाळे टाकत येते आणि मग दोन्ही टोके किनाऱ्यावरून वीस-वीस माणसे ओढतात. होडीला आपल्यासारखीच बाजूला उलांडी. ओढताना एक जण ओरडतो आणि बाकीचे ओ देतात. मी डायरीत दोराची लांबी किती असावी याचा हिशेब करत होतो. वर बघतो तर सौ. चपला काढून, पदर खोचून दोराला लागलेली. तिच्या पुढच्या म्हाताऱ्याने मागे वळून पाहिले, एवढेसे हसला आणि दोर तिच्या हातात नीट सरकवून दिला. गुहागरला लहानपणी वडिलांबरोबर ती अशीच ओढायची म्हणे. पंधरा वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हते. ओढणाऱ्याला वाटा मिळतो, तिलाही चार मासे मिळाले. आम्ही राहत होतो त्या घरच्या अक्कांनी त्यांचे 'अंबुल थियल' करून दिले. त्यात 'गोरका' नावाचे आंबट फळ घालतात, ते आपल्या कोकमाचे चुलत भावंड. सकाळी नारळाच्या दुधातला 'किरिबत' आणि रात्री मडक्यातले म्हशीचे दही, वर ताडासारख्या झाडाची काकवी. नाचणीला ते 'कुरक्कन' म्हणतात. बाकी स्वयंपाकात नारळ इतका, की सौ. शेवटच्या दिवशी म्हणाली, "सासरी आल्यासारखं नाही, माहेरी आल्यासारखं वाटलं."

आता मूळ गोष्टीवर येतो. इतका वेळ मी तिच्याकडे यायचे टाळत होतो, तसेच तेव्हाही टाळले होते.

कोलंबोहून गॉलला जाताना आंबलंगोड आणि हिक्कडुवच्या मध्ये तेलवत्त आणि पेरलिय ही गावे लागतात. २६ डिसेंबर २००४. आपल्यापैकी कोणालाही ती तारीख सांगायला नको. आपल्या नागपट्टिणम जिल्ह्यातच सहा हजारांवर माणसे गेली. श्रीलंकेत तीस हजारांहून अधिक. त्या सकाळी कोलंबो फोर्टहून मातरकडे एक गाडी निघाली. नाताळची आणि पौर्णिमेची सुट्टी, त्यामुळे गाडी खच्चून भरलेली. साडेनऊच्या सुमारास ती पेरलियपाशी आली तेव्हा पहिली लाट रुळांवर आली आणि गाडी थांबली. रूळ समुद्रापासून साधारण दोनशे मीटरवर. पाणी बघून गावातले लोक धावत आले आणि गाडीत चढले, टपावर चढले, गाडीच्या आडोशाला उभे राहिले. का? तर आगगाडी जड असते, ती हलणार नाही. मीही हेच सांगितले असते. आपण सगळे रेल्वेवाले हेच सांगितले असते. मग दुसरी लाट आली. ती गाडीहून उंच होती. डबे उचलले गेले, रूळ दोरासारखे पिळले गेले. किती गेले याचा नक्की आकडा नाही. हजार तरी, काही जण सतराशे म्हणतात. रेल्वेच्या इतिहासात इतका मोठा अपघात दुसरा नाही.

२०१९ मध्ये गाडी तिथून जाताना सौ. ने मला विचारले, "हेच ना ते? उतरायचं का परत येताना?" मी म्हटले, "पुढच्या वेळी." ती माझ्याकडे बघत राहिली, पण बोलली नाही.

मी का उतरलो नाही, ते आज पहिल्यांदाच चारचौघांत सांगतो आहे. सौ. ला विचारून सांगतो आहे. ती समोर बसली आहे.

२००८ च्या नोव्हेंबरात 'निशा' चक्रीवादळ आले. तेव्हा मी कावेरीच्या मुखाकडच्या भागात एका छोट्या स्टेशनावर सेक्शनला होतो. तीन दिवस पाऊस थांबेना. वीज नाही, मोबाइलची बॅटरी संपलेली, घरात फक्त रेल्वेचा फोन. मी सलग दोन रात्री लाइनवर काढून तिसऱ्या रात्री घरी येऊन कपड्यांसकट झोपलो होतो. मुलगी दोन वर्षांची, तापाने फणफणलेली. मध्यरात्रीच्या आधी कधीतरी तिचा डोळा लागला. फोन वाजला तर ती उठेल म्हणून सौ. ने रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. थोड्या वेळाने परत ठेवीन म्हणून ती बसली आणि बसल्या जागी तिलाही झोप लागली. दोन रात्री तीही जागीच होती.

त्याच वेळी आमच्या पेट्रोलमनला एका छोट्या पुलाजवळ खडी आणि भराव वाहून गेलेला दिसला. रूळ अधांतरी. पॅसेंजर यायची वेळ झालेली. तो फटाके लावून लाल दिवा घेऊन पाण्यातून धावत सुटला आणि त्याने गाडी थांबवली. मग स्टेशनातून मला फोन. लागेना. पुन्हा फोन. लागेना. शेवटी एक जण सायकल खांद्यावर घेऊन पाण्यातून माझ्या दारात आला. तासभर गेला. तोवर ती गाडी भरल्या प्रवाशांसह अंधारात भरावावर उभी होती आणि पाणी चढत होते. मी पोहोचलो, मागची लाइन चालून तपासली आणि गाडी मागे घेतली. कोणाला काही झाले नाही. पेट्रोलमनला पुढे बक्षीस मिळाले. ते त्याचेच होते.

पहाटे घरी आलो तेव्हा दारातूनच मी हिला म्हणालो, "तुझ्यामुळे आज गाडीभर माणसं गेली असती." ती काही बोलली नाही. तिच्या खांद्यावर मुलगी होती. पुढे माझ्याकडून खुलासा मागितला गेला. मी लिहिले, 'टेलिफोन नादुरुस्त होता.' त्यामुळे टेलिफोनचे मेंटेनर, वयस्क तमिळ गृहस्थ, भर पावसात लाइन तपासायला घरी आले. त्यांनी फोन उचलून कानाला लावला. फोन ठणठणीत होता. ते माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटले, एक वायर काढून परत लावली आणि वहीत 'दुरुस्त केला' असे लिहून गेले.

मी हिची माफी मागितली नाही. आधी राग होता म्हणून, मग लाज होती म्हणून, आणि मग इतके दिवस झाले म्हणून. पण त्या रात्रीपासून फोनची घंटा वाजली की ही दचकून उठायची. तिसरी घंटा मी घरात कधी ऐकली नाही. पुढे मोबाइल आले, तेही ती उशाशी घेऊन झोपायची. मला ते दिसत होते.

पेरलियच्या त्या गाडीबद्दल मी तेव्हाच वाचले होते. नंतर प्रसिद्ध झालेल्या हकिकतींत एक गोष्ट येते. लाट आल्याचे कळल्यावर कंट्रोलने किनाऱ्यावरच्या आठ गाड्या थांबवल्या. ही नववी. तिच्यासाठी आंबलंगोड स्टेशनात फोन केला. फोन वाजत राहिला. उचलायला कोणी नव्हते, कारण तिथली माणसे फलाटावर गाडीच्याच कामात होती. फोन उचलला तोवर गाडी सुटली होती. म्हणून मला तिथे उतरवेना.

मधल्या काळात बरेच झाले. २०१९ च्या एप्रिलमध्ये तिथे ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले, मग करोना, मग २०२२ मध्ये देशच दिवाळखोर झाला. अहंगमच्या अक्कांनी कळवले की रॉकेल नसल्यामुळे होड्या किनाऱ्यावर पडून आहेत. २०२४ मध्ये मुलगी कॉलेजला गेली. सौ. म्हणाली, "डिसेंबरात जाऊ. सव्वीस तारखेला तिथे असू. यंदा वीस वर्षं होतात." तारीख तिने काढली होती, मी नाही.

हिक्कडुवला एका घरात उतरलो. सकाळी रिक्षाने पेरलियला गेलो. रस्त्याकडेला बामियानच्या मूर्तीसारखी उभी मोठी बुद्धमूर्ती आहे, जपानी लोकांच्या मदतीने झालेली. थोडे पुढे स्मारक. पांढऱ्या कपड्यांत माणसे जमली होती. त्या दिवशी कोलंबोहून तीच गाडी येते. कॅनडातून आलेले, 'मॅनिटोबा' नावाचे ५९१ क्रमांकाचे इंजिन तेव्हा रुळांवरून फेकले गेले होते. ते दुरुस्त करून पुन्हा कामाला लावले आहे. नातेवाईक त्या गाडीने येतात. नऊ पंचवीसला सगळा देश दोन मिनिटे उभा राहतो. गाडी तिथे थांबली. भिक्षूंनी म्हटले, मग हिंदू पुजारी, पाद्री, मौलवी. मला शब्द कळले नाहीत. एक आजी मात्र कोणाकडेही न बघता रुळाला हात लावून बसल्या होत्या. मी खाली वाकून रुळाकडे बघितले. नवा रूळ, नीट बसवलेला, सरळ. ती लाइन त्या वेळी त्यांनी ५७ दिवसांत पुन्हा चालू केली होती. आपल्याकडे ४६, त्यांच्याकडे ५७. रूळ परत घालता येतात.

गर्दी पांगल्यावर आम्ही एका माडाखाली बसलो. तिथे मी तिला फोनची गोष्ट सांगितली, आंबलंगोडच्या फोनची. तिला ती माहीत नव्हती. तिने शांतपणे ऐकले. मग विचारले, "मग त्या माणसाला पुढे कोणी काय बोललं?"

मी म्हटले, "ठाऊक नाही."

"फलाटावर गाडीपाशीच होता ना तो? म्हणजे आपलं कामच करत होता." मग बऱ्याच वेळाने, समुद्राकडे बघत म्हणाली, "मीही लेकराचंच बघत होते हो."

एवढेच. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. मी म्हटले, "चुकलं माझं. त्या रात्रीही चुकलं आणि नंतर रोज चुकत गेलं." ती म्हणाली, "सोळा वर्षं लागली तुम्हाला. एवढी लेट गाडी मी तरी बघितली नाही." आणि पदर झटकून उठली.

त्या संध्याकाळी आम्ही मातरजवळ पोल्हेनला गेलो. पुढे देवुंदरचे दीपगृह आहे, १८९० पासूनचे, बेटाच्या दक्षिण टोकाला. तिथून खाली थेट दक्षिण ध्रुवाच्या बर्फापर्यंत जमीन नाही, फक्त पाणी. रात्री लाटांचा आवाज येत होता. मी म्हटले, "मालगाडी आली." ती झोपेत हसली. फोन पिशवीत होता, उशाशी नव्हता.

परत आल्यावर मी एक काम केले. ते टेलिफोन मेंटेनर निवृत्त होऊन त्यांच्या गावी असतात. पत्ता काढून भेटायला गेलो आणि खरे काय ते सांगितले. त्यांनी मला फिल्टर कॉफी दिली. म्हणाले, "सार, मी आलो तेव्हा आतल्या खोलीत बाळ कण्हत होतं. मला त्याच वेळी कळलं होतं." इतकी वर्षे ते माझ्या खोट्याचे ओझे सांभाळत होते आणि मला वाटत होते की मी सांभाळतो आहे.

आमच्या सेक्शनात आता पावसाळ्यात एकाच माणसाच्या एकाच नंबरावर भिस्त ठेवत नाही. यादीत तीन नावे असतात आणि पहिला दोन रात्री जागला असेल तर त्याचे नाव खाली जाते. हे काही मी शोधलेले नाही, शहाण्याला आधीच सुचायला हवे होते. त्सुनामीची सूचना देणारे केंद्रही २००७ मध्ये हैदराबादला झाले. २००४ मध्ये भूकंप झाल्यापासून लाट श्रीलंकेला पोहोचेपर्यंत दोन तास होते. दोन तासांत केवढी माणसे केवढी लांब चालून जाऊ शकली असती! निरोप होता, फक्त तो योग्य कानापर्यंत गेला नाही.

आता ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. दक्षिण किनाऱ्याला डिसेंबर ते एप्रिल जावे. मे ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, रापण लागत नाही. मोठ्या हॉटेलात उतरू नका, कोणाच्या तरी घरात उतरा. गाडीने फिरा, साधे तिकीट काढा. २०१९ पासून लाइन मातरच्या पुढे बेलिअत्तपर्यंत गेली आहे, तिथपर्यंत जा. रापण दिसली तर दोराला हात लावा, कोणी नाही म्हणत नाही. पेरलियला उतरा. आणि नवरा-बायकोत एखादा फोन न उचललेला राहिला असेल, तर तो इथेच, त्रिचीतच उचला. त्यासाठी पासपोर्ट लागत नाही.

फार बोललो. मघापासून मोदकांचा वास येतो आहे आणि बालमित्र मला हाताने खुणावत आहेत. 

गणपती बाप्पा मोरया!